टचिंगमावशी आणि हॉलमधला टीव्ही

फोटो स्टुडिओच्या काउंटरवर, गिऱ्हाइकाच्या देखत, धाकटे मालक बोलून गेले की मावशींचे डोळे आता कामाचे राहिले नाहीत. मावशी तिथेच उभ्या होत्या. लांब नव्हत्या, पाठमोऱ्या नव्हत्या आणि कानाने अधू तर मुळीच नव्हत्या. तरी ते वाक्य त्यांना वगळून गिऱ्हाइकाकडे टाकलं गेलं. बंद पडलेलं मशीन दाखवताना दुकानदार त्या मशीनची परवानगी थोडीच घेतो, तसं.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का गेली ते कळायचं असेल, तर त्यांचा डोळा हे काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं.

आख्खा रस्ता त्यांना टचिंगमावशी म्हणायचा. वेणी घालायच्या वयात त्या या स्टुडिओत कामाला लागल्या, तेव्हा फोटो काळेपांढरेच निघायचे. थोरले मालक, म्हणजे या धाकट्यांचे वडील, फोटो काढायचे आणि धुवायचे. त्यावरचे डाग, ओरखडे, मिटलेली पापणी, उडालेला केस हे सगळं बारीक कुंचल्याने सावरायचं काम मावशींचं. त्यालाच टचिंग म्हणत. ज्यांना हौस असे त्यांच्या फोटोवर मग रंग चढे. काडीला कापूस गुंडाळायचा, रंगात जेमतेम टेकवायचा आणि गालावर असा फिरवायचा, की रंग लावला आहे हे ज्याचा गाल त्यालाही कळू नये. माणसाच्या कातडीचा रंग हा एक रंग नसतो, हे मावशींना त्या वयातच समजलं. कपाळ वेगळं, कानाची पाळी वेगळी, ओठाच्या वरची जागा आणखी वेगळी.

थोरल्या मालकांचे दोन नियम होते. पहिला, रंग लावायचा तो मागच्या खिडकीशी बसून, दिवसाच्या उजेडात. बल्बखाली नाही. "बल्ब लबाड असतो," ते म्हणायचे, "डोळ्याला हळूच आपल्या बाजूला वळवून घेतो आणि डोळ्याला पत्ताही लागत नाही." दुसरा नियम असा, की मोठा फोटो काढण्याआधी एक छोटा नमुना काढायचा, तो दुकानाच्या उंबऱ्यावर उभं राहून बाहेरच्या उजेडात बघायचा. मालकांनी बघायचा आणि टचिंग करणारीनेही. दोघांची मान हलली तर पुढे जायचं. स्टुडिओत याला 'उंबरा दाखवणं' म्हणत. "अमक्याला उंबरा दाखवला का गं?" अशी हाक आतून आली की मावशी कुंचला खाली ठेवून उठायच्या.

पुढे रंगीत फोटो आले, मग कॉम्प्युटर आला. बरोबरीच्या बायांनी हात जोडले आणि घरी बसल्या. मावशी मात्र माऊस धरायला शिकल्या. हा कुंचला जरा जाडा आहे एवढीच त्यांची तक्रार. लोकांच्या घरातले जुने, फाटके, पाणी लागलेले फोटो स्टुडिओकडे यायचे आणि स्टुडिओकडून मावशींकडे. घरातल्या आतल्या खोलीत, खिडकीखाली, कॉम्प्युटर मांडून त्या ते दुरुस्त करायच्या, हवा असेल तर रंग भरायच्या आणि पेन ड्राइव्हवर घालून परत द्यायच्या. थोरले मालक गेल्यावर गल्ल्यावर धाकटे बसले. त्यांना मावशींनी चड्डीत नाक पुसताना पाहिलेलं होतं, त्यामुळे त्या त्यांना अरे-तुरे करत आणि ते त्यांना अहो मावशी म्हणत. सगळं सुरळीत होतं.

मग मावशींच्या कॉम्प्युटरचा पडदा गेला. आधी मधोमध एक उभी रेघ आली, मग तिला जोडीदारीण आली आणि एके दिवशी सगळाच अंधार.

"नवा कशाला आणायचा?" मुलगा म्हणाला. हा विमा कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरवर बसायचा. जो कॉम्प्युटरवर बसतो त्याला कॉम्प्युटर कळतो, असा घरातल्यांचा समज होता आणि तो समज त्यानेही कधी मोडला नव्हता. "हॉलमध्ये एवढा मोठा टीव्ही आहे. एक केबल जोडली की झालं. तुला दारातूनसुद्धा दिसेल."

"मला दारातून काम करायचं नाहीये," मावशी म्हणाल्या. पण केबल जोडली गेली.

टीव्हीच्या शेजारी कॉम्प्युटरचं डबडं आलं, जुने फोटो आत घ्यायचा स्कॅनर आला. टेबल मावेना म्हणून कीबोर्ड ठेवायला इस्त्रीची फळी उघडली गेली, कारण तिची उंची वरखाली करता येते. टीव्हीवर खिडकीचं प्रतिबिंब पडायचं, म्हणून मावशी कामाला बसल्या की पडदे ओढून ट्यूबलाइट लावायचा. चित्र टीव्हीच्या चौकटीत पुरतं मावतच नव्हतं, कडेची पट्टी चारही बाजूंनी कापली जायची. खालची बटणं अर्धी दिसायची, कोपऱ्यातलं घड्याळ तर पार चौकटीबाहेर हरवलेलं. अक्षरांना लव आल्यासारखी दिसायची. माऊस इकडे हलला की तिकडचा बाण एक श्वास थांबून निघायचा, नव्या सुनेसारखा. आणि एखादा काळसर फोटो उघडला, की टीव्ही स्वतःच्या मनाने मंद व्हायचा.

सगळ्यात मोठी अडचण झाली ती काकांची. मावशींचे यजमान बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचा दिवस बातम्यांवर चालायचा. आता बातम्यांच्या जागी कोणाचं तरी वारलेलं माणूस, भिंतीएवढं. काकांनी खुर्ची सोडली नाही. तिथेच बसून ते जे समोर येईल ते बघू लागले.

"आज कोण?"

"मास्तर होते कुठलेसे."

"असणारच. ओठ बघ कसे मिटलेत. घरात कोणाशी बोलत नसणार."

"तुम्ही गप्प बसता का जरा? मी त्यांची भुवई लावतेय."

"लाव, लाव. मास्तरांची आहे, जरा वर चढवून लाव."

दूधवाला दारात आला की त्याला हॉलमध्ये हातभर लांबीची नाकपुडी दिसायची. सुनेची मैत्रीण एकदा न सांगता आली आणि समोर कोणाचा तरी एकच डोळा पाहून बाहेरच्या बाहेर चप्पल चढवून परत निघाली. "आई, निदान सोमवारी तरी माणसं बंद ठेवा," सून म्हणाली. "माझ्या भिशीच्या बायका यायच्यात."

हे सगळं मावशींनी सोसलं. एका गोष्टीचा खुलासा मात्र त्यांनी आधीच मागितला होता, आणि ते लक्षात ठेवायला हवं. तो टीव्ही ज्या दिवशी घरात आला त्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, की या बातम्या देणाऱ्या मुलीचा चेहरा असा भाजल्यासारखा काय दिसतोय. घरात हसले होते. "कंपनीतूनच तसं येतं, आई," मुलगा म्हणाला होता. मग केबल जोडताना त्यांनी परत विचारलं, की या रंगांवर मी काम कसं करू.

"अगं, रंग कॉम्प्युटर ठरवतो. टीव्ही म्हणजे नुसती काच," मुलगा म्हणाला.

नुसती काच. मावशींनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

याच दिवसांत बेकरीवाल्यांचं काम आलं. बेकरीवाले हे पिकल्या मिशांचे, बोलायला हळू, नखांच्या कडेला कायम पिठाची रेघ असलेले गृहस्थ. त्यांच्याकडे त्यांच्या आईचा एकुलता एक फोटो होता. काळापांढरा, आगपेटीएवढा, मधोमध दुमडलेला. बेकरीच्या दारात बाह्या सारून उभी असलेली बाई, डोळे उन्हाने बारीक झालेले. बेकरीत नवी भट्टी बांधून झाली होती. ती शनिवारी पेटवायची, आणि त्या आधी समोरच्या भिंतीवर आई हवी, मोठी आणि रंगीत. ते स्वतः येऊन मावशींना भेटले. सांगायचं एकच होतं.

"बाई, तिचे गाल कायम तांबूस असायचे. भट्टीसमोर उभं राहून राहून. उजवा जरा जास्त. भट्टी उजव्या हाताला होती ना."

मावशींना असं गिऱ्हाईक आवडायचं. लोक 'छान करा' म्हणून जातात. हा माणूस कोणता गाल ते सांगून गेला.

त्यांनी जीव लावून काम केलं. घडीची रेघ पुसली, पीठ लागून झिजलेली हनुवटी परत बांधली. मग रंग भरायला घेतले. पहिला हात दिला तर तोंड नुसतं पेटलं. टीव्हीवर लाल इतका वर यायचा, की त्यांना तो पुन्हा पुन्हा खाली ओढावा लागला, उजेडही कमी करावा लागला. करता करता बाईचा चेहरा जागेवर आला. उजवा गाल डाव्यापेक्षा अंगुळभर जास्त तापलेला. काका खुर्चीतून म्हणाले, "ही आता आपल्याला विचारणार, किती पाव देऊ." मावशींनी पेन ड्राइव्ह स्टुडिओत पाठवून दिला.

आणि मग तो काउंटर. बेकरीवाले फोटो न्यायला आले त्या वेळी मावशीही मुद्दाम गेल्या होत्या, त्यांचा चेहरा बघायला. धाकट्यांनी चौकटीवरचा कागद काढला. चौकटीत चुलीतली राख होती. काळपट, ओढलेला, रक्त नसलेला चेहरा. उजवा गाल आणि डावा गाल, दोन्ही सारखेच विझलेले.

बेकरीवाले बराच वेळ बघत राहिले. "ही आजारी दिसतेय," ते अखेर म्हणाले. "आई कधी आजारी पडली नाही हो. झोपेत गेली ती. गेली तेव्हासुद्धा गाल लालच होते."

त्यावर धाकट्यांनी ते वाक्य टाकलं. "मावशींचं वय झालं हो. डोळे आता कामाचे राहिले नाहीत. आमचंच चुकलं. आता प्रोग्राम आलेत, एका बटणात आपोआप रंग भरतात. मी तसा काढून देतो तुम्हाला."

मावशींनी चौकट आपल्याकडे वळवली. मग त्या म्हणाल्या, "नमुना काढला होतास?"

"नमुन्याला वेळ कुठे असतो, मावशी?"

"उंबरा दाखवला होतास?"

"तो बाबांच्या काळचा उंबरा झाला. आता मशीन फाइल घेतं आणि फोटो देतं."

"मशीनने राख दिली, ती तुला चौकटीत घालताना दिसली नाही? तुझे डोळे कुठे गेले होते? तुला तर अजून चष्माही नाही."

धाकटे गिऱ्हाइकाकडे बघून हसले. म्हातारं माणूस आहे, असं ते हसणं होतं. मावशींनी काउंटरवरचा आगपेटीएवढा फोटो उचलला. "हा माझ्याजवळ राहू दे. तुमची हरकत?" त्यांनी बेकरीवाल्यांना विचारलं. बेकरीवाले गोंधळून दोघांकडे बघत म्हणाले, "शनिवारच्या आत मिळाला तर बरं." आणि राखेची चौकट तिथेच ठेवून निघून गेले.

घरी येऊन मावशींनी चप्पल अशी काढली, की एक दाराशी राहिली आणि दुसरी मोरीपर्यंत गेली. चूक माझी असेल तर माझ्या तोंडावर सांग, त्या हॉलमध्ये सांगत होत्या, पण गिऱ्हाइकाला काय सांगतोस? ज्या हातांनी याच्या बापाचं दुकान उभं केलं, ते हात समोर असताना?

"फोटो खरंच काळा आला होता का?" काकांनी विचारलं.

"आला होता."

"इथे तर चांगला दिसत होता."

"तेच म्हणतेय मी. टीव्हीत काहीतरी आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," काका सवयीने बोलून गेले. आणि बायकोचा चेहरा पाहून त्यांनी पेपर उचलला, तो उलटा.

मावशी आत गेल्या. राग होताच, पण रागाच्या खाली भीती होती, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. धाकट्याचं खरं असलं तर? डोळा जाताना सांगून जातो थोडाच. शिवणाचा डबा घेऊन त्या आतल्या खोलीतल्या खिडकीशी बसल्या, जिथे पूर्वी त्यांचा कॉम्प्युटर होता. डब्यातले सगळे लाल-गुलाबी दोरे काढून त्यांनी मांडीवर फिक्याकडून गडदकडे लावले. आंब्याच्या कोवळ्या पानापासून विटेपर्यंत. मग सुनेला हाक मारली.

"यात कुठे चूक दिसते का गं?"

सून वाकून बघत राहिली. "हे दोन तर एकच आहेत."

"खिडकीच्या बाजूने बघ."

"हां. नाही, वेगळे आहेत. आई, तुम्हाला हे लगेच दिसलं?"

मावशींनी डबा बंद केला. डोळा शाबूत होता. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि आता चोर शोधणं भाग होतं.

त्या हॉलमध्ये आल्या, स्कॅनरचं झाकण उघडून आपला डावा तळवा काचेवर ठेवला, वरून टॉवेल झाकला आणि बटण दाबलं. टीव्हीवर तळवा आला, परातीएवढा. त्यांनी पडदे सरकवून उजेड आत घेतला आणि टीव्हीशेजारी जाऊन तोच तळवा उचलून धरला, पोलिसाने गाडी थांबवावी तसा.

काकांनी पेपर खाली केला. "हा तुझा हात?"

"माझाच."

"मग तिकडचा कोणाचा?"

टीव्हीतला हात गाजरासारखा होता. नखं केशरी, रेषा लालभडक, आणि सगळ्यावर असा उजेड की जणू आतून दिवा लावलाय. मावशींच्या लक्षात सगळं एकदम आलं. टीव्ही माणसाला पेटवून दाखवत होता, म्हणून त्या विझवत बसल्या होत्या. जितका टीव्ही खोटं बोलत होता, तितकं त्यांनी त्या बाईच्या गालावरून काढून टाकलं होतं. वर पडदे ओढून, ट्यूबलाइटखाली. ज्या बल्बबद्दल थोरले मालक आयुष्यभर सांगत राहिले तोच बल्ब काचेत घालून त्या समोर घेऊन बसल्या होत्या. त्याचाही राग त्यांना आला, आणि तो स्वतःवरचा होता म्हणून जास्त आला.

मुलगा संध्याकाळी आला, तो पायातले मोजे काढायच्या आत इस्त्रीच्या फळीसमोर बसवला गेला.

"हात ठेव काचेवर."

"आई, चहा तरी..."

"हात ठेव."

त्याचाही हात गाजर झाला. "टीव्ही म्हणजे नुसती काच ना?" मावशींनी विचारलं. त्याने रिमोट घेतला आणि कधी न उघडलेल्या यादीत शिरला. थोड्या वेळाने म्हणाला, "अच्छा. हा दुकानातल्या सेटिंगवरच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे दुकानात ओळीने टीव्ही लावलेले असतात, त्यात आपला उठून दिसावा म्हणून रंग आणि उजेड वाढवून ठेवतात. घरी आणल्यावर बदलायचं असतं."

"मग बदललं का नाहीस?"

"कोणी म्हणालंच नाही, रंग चुकताहेत म्हणून."

काकांनी या वेळी पेपर सरळ धरला होता, तरी त्यातलं काही वाचत नव्हते.

"मी म्हणाले होते," मावशी म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "पहिल्याच दिवशी. या मुलीचा चेहरा भाजल्यासारखा का दिसतो, असं विचारलं होतं मी. तुम्ही तिघं हसला होतात. केबल जोडताना परत विचारलं. माणसांचे चेहरे रंगवण्यात आयुष्य गेलं माझं, आणि घरात एका चेहऱ्याचा रंग चुकलाय म्हटलं तर ते कोणाच्या कानात शिरत नाही. तो स्टुडिओतला तरी परका आहे."

मुलाने खाली मान घालून बटणं दाबली. ज्या सेटिंगला 'नैसर्गिक' असं नाव होतं, ते लावलं. चित्राच्या कापलेल्या कडाही त्याच यादीतून परत आल्या, आणि कोपऱ्यातलं हरवलेलं घड्याळ घरी आलं. टीव्हीतला तळवा शांत झाला, पुरता नाही. मावशींनी मग टीव्ही भिंतीपासून तिरपा करायला लावला, खिडकी त्यात दिसणार नाही असा. पडदे उघडेच ठेवायचे असं सांगून टाकलं. स्वतःचा हात कडेला धरून, हा वर, हा खाली, असं करत उरलेला फरक त्यांनी मुलाकडून काढून घेतला.

"हे अगदी धुऊन वाळत घातल्यासारखं दिसतंय," सून मालिका लावून म्हणाली.

"ती बातम्यांतली पोरगी आजारी पडली," काका म्हणाले.

"आजारी नाही. बरी झाली," मावशी म्हणाल्या. "आणि रिमोटला आता कोणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात त्या बेकरीवाल्यांच्या आईला घेऊन पुन्हा बसल्या. स्वतःच्या तळव्याचं चित्र त्यांनी टीव्हीच्या कोपऱ्यात उघडंच ठेवलं, आणि मधून मधून हात त्याच्याशेजारी धरून खात्री करत राहिल्या. काच सुधारली तरी काचच. तिच्यावर आता लक्ष ठेवायला हवं होतं.

शुक्रवारी त्या स्टुडिओत गेल्या. धाकट्यांनी मावशींच्याच फाइलवरून आपोआप रंगवलेला फोटो आधीच तयार ठेवला होता. मावशींनी चष्मा लावून तो नीट बघितला. वाईट नव्हता. रंग स्वच्छ होते. दोन्ही गाल सारखे गुलाबी, बाहुलीचे असतात तसे. हिने कधी भट्टी पाहिलीच नसावी.

"छान आलाय की," धाकटे म्हणाले.

"आलाय. आता माझा नमुना काढ."

"मावशी, मोठाच काढतो ना एकदम."

"नमुना."

त्यांनी सुस्कारा सोडून छोटा नमुना काढला. मावशी तो घेऊन उंबऱ्यावर गेल्या. लाल किंचित जास्त झाला होता. रागाच्या भरात हात जड पडला असावा, त्यांनी मनाशी कबूल केलं. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर बसून त्यांनी तो एक पायरी उतरवला. दुसरा नमुना निघाला. तो घेऊन त्या परत उंबऱ्यावर गेल्या, आणि तिथूनच हाक मारली.

"इकडे ये."

"चांगला आहे, मावशी. मी इथून बघतोय ना."

"तिथे बल्ब आहे. इकडे ये. दोघांची मान हलल्याशिवाय हा फोटो मोठा होणार नाही."

धाकटे आले. उंबऱ्यावर उजेड होता, रस्त्यावरून माणसं जात होती. त्यांनी नमुना हातात धरला, थोडा वाकडा केला, डोळे बारीक केले. थोरले असंच करायचे. हे पोरगं लहानपणी दाराशी बसून बघायचं, ते कुठेतरी आत राहिलं असावं.

"उजव्या गालावर जास्त आहे," ते शेवटी म्हणाले. या वेळी आवाजात दुकान नव्हतं.

"मुद्दाम आहे. भट्टी तिकडे होती."

धाकट्यांची मान हलली.

दुपारी बेकरीवाले आले तेव्हा काउंटरवर दोन फोटो होते. धाकट्यांनी कोणता कोणाचा हे सांगितलं नाही, आणि ते त्यांच्या बाजूने जमेलाच धरायला हवं. बेकरीवाल्यांनी बाहुलीच्या गालांचा फोटो पाहिला, हसले, बाजूला ठेवला. दुसऱ्यावर ते वाकले. पिठाची नखं असलेला तळवा त्यांनी फोटोतल्या डाव्या गालावर धरला आणि नुसता उजवा गाल बघितला.

"पाव काढताना वळली की अशी दिसायची," ते म्हणाले. "हाका मारायची मला. मी यायचो नाही."

मग त्यांनी रुमाल काढून डोळे न पुसता मिशा पुसल्या, आणि फोटो कागदात बांधायला सांगितला. काम झालं होतं. मावशींनी निघायला हवं होतं, पण त्या काउंटरला हात टेकून उभ्या राहिल्या.

"थांबा जरा," त्या बेकरीवाल्यांना म्हणाल्या. "त्या दिवशी याने तुमच्यासमोर एक वाक्य टाकलं होतं. ते तुमच्यासमोरच उचललं गेलं पाहिजे."

"मावशी, जाऊ द्या ना आता," धाकटे म्हणाले.

"टाकताना नाही म्हणालास, जाऊ द्या."

"फोटो चांगला झाला ना? मग?"

"फोटो त्यांचा झाला. माझं वाक्य अजून इथेच पडलंय."

धाकट्यांनी सुतळीची गाठ मारली, सोडली, परत मारली. बेकरीवाले पुडकं छातीशी धरून उभे होते. त्यांना घाई होती, उद्याच्या भट्टीची तयारी बाकी असणार, तरी ते हलले नाहीत.

"मावशींचे डोळे ठीक आहेत," धाकटे सुतळीला म्हणाले.

"ठीक?"

"चांगले आहेत." त्यांनी मान वर केली. "मी नमुना काढायला हवा होता. न काढता मोठा काढला, आणि समोर राख दिसत असताना मावशी, तुम्हालाच नावं ठेवली. चुकलं माझं."

"मग बिघडलं होतं काय?" बेकरीवाल्यांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आमच्या घरातला टीव्ही," मावशी म्हणाल्या. "फार मोठी गोष्ट आहे. भट्टी पेटली की सांगेन. चार माणसांच्या घरात एकटीलाच दिसत असेल तर काय होतं, त्याची गोष्ट आहे."

पुढच्या आठवड्यात मुलाने स्वतःहून कॉम्प्युटरचा नवा पडदा आणला आणि आतल्या खिडकीखाली मांडून दिला. इस्त्रीची फळी इस्त्रीला परत गेली. मावशींनी त्याला चहा करून दिला, कौतुक केलं नाही. स्टुडिओतून कामाचं पाकीट आलं. त्यात नव्या कामाच्या जुन्या फोटोबरोबर मावशींनी आधी केलेल्या कामाचा छोटा नमुनाही होता, मागे धाकट्यांच्या अक्षरात 'बघून कळवा' असं लिहिलेला.

काकांना हॉल परत मिळाला. टीव्हीचे रंग मात्र मावशींनी बदलू दिले नाहीत, आणि काका एक दिवस चिडून शेजाऱ्यांकडे बातम्या बघायला गेले. गेले तसे पाच मिनिटांत परत आले.

"काय हो, झाल्या बातम्या?"

"नाही," काका खुर्चीत बसत म्हणाले. "त्यांच्याकडे सगळ्यांनाच ऊन लागलंय."

सून हसली. मुलगाही हसला, पण आईकडे बघून मधेच थांबला.

"आई, अजून राग गेला नाही का?" सुनेने हळूच विचारलं.

"गेला नाही," मावशी खिडकीशी बसत म्हणाल्या. "काम सुरू आहे म्हणून बाजूला ठेवलाय." आणि त्यांनी नवा पडदा चालू करून, पहिली गोष्ट म्हणून, आपल्या तळव्याचं चित्र उघडलं आणि हात त्याच्याशेजारी धरून बघितला.